मी काढलेला पोचा

आमच्या घरात वस्तू खूप टिकतात. नवेपणा मात्र एकाही वस्तूचा टिकलेला नाही, आणि त्याला कारण मी.

कोराडीच्या वीज केंद्रात मी फिटर होतो. पंपाचा आवाज जरा बदलला की हातातला घास डब्यात टाकून उठायचं, ही सवय अंगात मुरलेली. पुढे निवृत्त झालो, हार घातले गेले, भाषणं झाली, कोराडी रोडला एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, आम्ही राहायला आलो. माझे हात मात्र त्या समारंभाला आले नसावेत. त्यांना अजून कोणी निवृत्त केलेलं नाही.

परिणाम असा, की आमच्या मिक्सरच्या झाकणाला जेवणाच्या डब्याची क्लिप आहे. टेबलफॅनला मी कूलरची मोटर बसवलेली आहे. तो चालू केला की वारा देत देत स्वतःही पुढे चालायला लागतो, म्हणून त्याचा एक पाय खिडकीच्या गजाला बांधून ठेवला आहे. आणि फ्रिज? फ्रिजच्या दाराचं रबर गेलं तेव्हा मी स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापून त्याच्या पोटावरून आवळून बांधला होता. बायकोला दूध काढायचं असलं की आधी घोड्याचं खोगीर सोडावं तसा तो पट्टा सोडावा लागे, आणि दूध काढून झालं की फ्रिजच्या पोटात गुडघा देऊन पुन्हा आवळावा लागे. पाहुण्यांसमोर हे करताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पट्ट्याच्या कौतुकात कधी पाहिलंच नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या फ्रिजने बर्फ करणं सोडलं. मी म्हणालो, "कॉम्प्रेसर बदलतो. एक आहे माझ्या नजरेत, जुना आहे पण मजबूत आहे."

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आवो, एक विचारू का? आपल्या लग्नापासून या घरात अशी एक तरी वस्तू आहे का, जिले तुमचा हात लागला नाही?"

मी घरभर नजर फिरवली. भिंतीवरचं घड्याळ... नाही, त्याची मशीन मी बदलली होती. देव्हाऱ्यातली घंटी... तिचा लोलकही माझाच.

"मले एक वस्तू पायजे," ती म्हणाली, "नवीन. कंपनीतून निघाली तशीच्या तशी. बाकी सारं घर तुमचं. खोला, जोडा, काहीही करा. पण फ्रिज माझा."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हे इथे नमूद करतो, कारण पुढे जे झालं त्यावरून कोणाला ते खरं वाटायचं नाही.

आमची मुलगी पुण्याला असते. तिने तिकडून ऑनलाइन ऑर्डर दिली, पण निवड सगळी आईची. बायकोने मोबाइलवर इतके फ्रिज पाहिले की मला वाटायला लागलं ही आता घरात नवरीसारखं कोणाला तरी आणणार. शेवटी एक पसंत पडला. मरून रंगाचा, दारावर पांढरी फुलं. त्याचा फोटो तिने आपल्या साऱ्या बहिणींना पाठवला. मी फोटो मोठा करून बिजागऱ्या पाहिल्या, तर तिने फोन हातातून काढून घेतला.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी, भर दुपारी, गाडी दारात उभी राहिली. बायको कामठीला बहिणीकडे गेलेली. घरात मी, आणि माझ्यासोबत उन्हाचं ताक प्यायला आलेला माझा मित्र. हा मित्र खापरखेड्याच्या वीज केंद्रात वेल्डर होता. कोराडीवाला आणि खापरखेडावाला शेजारी राहायला आले की काय होतं, हे ज्यांच्या घरी दोन सुना आहेत त्यांनाच कळेल. आम्ही एकमेकांना दिवसातून एकदा तरी अडाणी म्हटल्याशिवाय राहत नाही.

गाडीवाल्या पोरांना घाई होती. खोका हॉलमध्ये ठेवला, मोबाइल पुढे केला, "काका, बोटानं सही करा." मी केली. उघडून पाहायच्या आधी. ही माझी पहिली चूक, आणि पुढच्यांच्या मानाने अगदीच किरकोळ.

गाडी गेली, आम्ही खोका उघडला. थर्माकोल काढला, प्लॅस्टिक बाजूला केलं, आणि दोघेही खाली वाकलो. दाराच्या खालच्या अंगाला, बरोबर फुलांच्या वेलीवर, ताटाएवढा पोचा. कोणी तरी वाटेत त्याच्या पोटात गुडघा दिला असावा, आमच्या जुन्याला आम्ही द्यायचो तसा.

मी मुलीला फोन लावला.

"बाबा, ऐका नीट," ती म्हणाली, "कशालाही हात लावू नका. फोटो काढून ठेवा. खोका, थर्माकोल, काही फेकू नका. माल खराब आला तर बदलून मागायचा आपला हक्क आहे, ते नाही म्हणू शकत नाहीत. मी आत्ता तक्रार टाकते. कंपनीचा माणूस येऊन पाहून जाईल. बाबा, हात लावू नका, कळलं ना?"

"अवं, कळलं. मी काय लहान आहो का?"

फोन ठेवला. फोटो काढायला मोबाइल वर केला, तोच वेल्डर म्हणाला, "निघते हे."

आता हे दोन शब्द काय आहेत, ते ज्याने आयुष्य पाने-हातोड्यात काढलं त्यालाच समजेल. मी मोबाइल खाली घेतला.

"निघते?"

"निघते काय, आमच्या खापरखेड्यात चहा येईपर्यंत काढला असता. आता कोराडीवाल्याले जमते की नाही, ते मले नाही माहीत बाप्पा."

"अबे, बॉयलरच्या पत्र्याचे पोचे काढले या हातांनी! हे तर बिस्किटाचा डबा आहे."

"मंग काढ ना. तोंडानं निघते का पोचा?"

मी स्वतःला समजावलं, की बायको संध्याकाळी येणार. किती हौसेने येईल बिचारी, आणि पहिलीच नजर या पोच्यावर पडेल. कंपनी बदलून देईल तेव्हा देईल, तोवर तिच्या मनाला काहून त्रास द्यायचा? हे कारण मला तेव्हा फार थोर वाटलं होतं. आजही सांगताना बरं वाटतं. पण खरी गोष्ट अशी, की वेल्डरने चहाचं नाव काढल्यापासून माझे पंजे सळसळायला लागले होते.

गरम पाण्यात टॉवेल बुडवून पत्रा शेकला. त्यावर लगेच बर्फ फिरवायचा, पण जुन्या फ्रिजमध्ये तो होत नव्हता, म्हणून वेल्डर घरी जाऊन स्वतःच्या फ्रिजमधला घेऊन आला. बेसिन तुंबलं की वापरतात तो रबरी पंप पोच्यावर बसवला. आणि इथे मला कल्पना सुचली, की एवढं सुंदर काम कोणी पाहणार नाही, हे काही बरोबर नाही.

"व्हिडिओ काढ गा," मी म्हणालो.

वेल्डरने मोबाइल धरला, आणि मी बोलायला लागलो. "नमस्कार मंडळी! हा पहा, आत्ताच, आत्ता या घडीले आपल्या घरी आलेला नवीन फ्रिज. अजून दाराची पॅकिंगची पट्टीही काढली नाही. आणि हा पहा पोचा! केवढा आहे? आता लोक काय करतात? तक्रार करतात. वाट पाहतात. आपण काय करतो?" मग मी कॅमेऱ्याकडे पाहून असा काही हसलो, की ते हसू पुढे अनेक लोकांनी पाहिलं आणि अजून कोणी मला माफ केलेलं नाही. "आपण कोराडीवाले आहो मंडळी. कंपनीच्या बापाले नाही जमणार, ते पहा आता."

दणका दिला, पंप ओढला, आणि टप् असा आवाज होऊन पोचा बाहेर आला. वेल्डरच्या तोंडून "वा!" निघालं. खापरखेड्याने कोराडीला "वा" म्हणण्याचा प्रसंग माझ्या आठवणीत दुसरा नाही. व्हिडिओ निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर गेला. अंगठे आले, टाळ्या आल्या, एकाने तर फुलांचा गुच्छ पाठवला.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मधोमध एक बारीक चुणी राहिली होती. तिच्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला. पेपर मारताना दोन फुलं गेली. वेल्डर म्हणाला, "वेलीले कोण फुलं मोजते?" मग रंगाचा प्रश्न आला. गेटला मारून उरलेला ऑइलपेंटचा डबा माळ्यावर होता. मरून. रंग अगदी तंतोतंत जुळला, आणि तो जुळू नये असं कोणत्याही देवाला वाटलं नाही.

बायको दिवे लागायच्या वेळी आली. दारातच थांबली. "आला?" म्हणाली, आणि चपला काढायच्याही विसरून आत गेली. मी आणि वेल्डर भिंतीला टेकून उभे होतो, वार्षिक तपासणीला साहेब आल्यावर उभे राहायचो तसे.

तिने दारावर हात ठेवला. वरून खाली अलगद फिरवत नेला. वेलीपाशी आल्यावर हात थांबला. तिने बोटं नाकाशी नेली. मग माझ्या नखांकडे पाहिलं. नखं मरून होती.

"आवो," ती म्हणाली, "हा फ्रिज कंपनीतून आला, का आपल्या गेटातून?"

वेल्डरला एकदम घरचं काम आठवलं. तो गेला. मी पोच्याची सारी हकिकत सांगितली. ते चहाचं मात्र सांगितलं नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पण तिने फक्त नव्या फ्रिजवर जुनी चादर टाकली, जुन्याचा पट्टा सोडला, पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, गुडघा दिला आणि पट्टा आवळला.

"अवं, नवा आहे ना!"

"हा रिपेरीचा आहे. रिपेरीचा आपल्याजवळ आहे."

मग आमच्या घरात दोन फ्रिज झाले. एक चालत होता पण थंड करत नव्हता, दुसरा थंड करू शकत होता पण त्याला कोणी चालवत नव्हतं. बाहेर नागपूरचं ऊन, नळाला उकळलेलं पाणी, आणि हॉलमध्ये चादर पांघरलेला मरून फ्रिज. येणारे-जाणारे विचारायचे, "हे काय?" बायको सांगायची, "यांचं काम आहे." प्रत्येकाला तेवढंच.

माझ्यापुढे आता एकच काम होतं, तो फ्रिज बदलून आणायचा. मुलीने तक्रार टाकलेलीच होती, तपासणीचा माणूस येणार असा निरोपही आला. मी मनाशी भाषण तयार केलं. ग्राहक हा राजा असतो वगैरे.

माणूस आला. तरुण, सभ्य, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. चादर काढली, फ्रिजच्या भोवती फिरला, मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं.

"काका, डेंट कुठं आहे?"

"इथं होता."

"होता म्हणजे?"

"काढला ना."

"कोणी काढला?"

या जागी एखादा शहाणा माणूस काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी म्हणालो, "मीच."

तो वाकला. बोटाने चाचपून पाहिलं, एक डोळा मिटून तिरप्या उजेडात पाहिलं. "काय सांगून राहिले काका! भरलेलं समजूनच नाही राहिलं. एवढं फिनिशिंग तर आमच्या सर्व्हिस सेंटरलेही येत नाही." मी छाती फुगवली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. "काका, तसा माझ्या गाडीच्या टाकीलेही एक पोचा आहे..."

मी बाहेर गेलो. रबरी पंप घेऊन गेलो. त्याच्या मोटरसायकलच्या टाकीचा पोचा काढून दिला. त्याने माझ्या पायाला हात लावला, गाडीला किक मारली आणि गेला. तो कोपऱ्यावर वळतो न वळतो तोच मोबाइल वाजला. निरोप होता: तपासणी पूर्ण. वस्तूत कोणताही दोष आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेबद्दल आपले मत नोंदवा.

"झालं?" बायकोने विचारलं.

"त्याच्या गाडीचं झालं," मी म्हणालो.

रात्री तिने जेवायला वाढलं, पण भाजी कोणती आहे ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती भिशीला गेल्यावर मी विचार केला. दोष आढळला नाही म्हणून तक्रार बंद झाली ना? मग दोष आढळला पाहिजे. माणूस पोचा काढू शकतो तर पोचा पाडूही शकतो. मूळचा होता तिथेच, तेवढाच. यात खोटं काय आहे? उलट ही तर वस्तू होती तशी परत करणं झालं!

लाकडी हातोडा काढला. त्याला फडकं गुंडाळलं, रंग खरवडू नये म्हणून. (पोचा पाडताना रंगाची काळजी घेणारा माणूस जगात मी एकटाच असेन.) नेम धरला. हात वर नेला. आणि हात खाली येईना. मी आयुष्यात बिघडलेल्या वस्तूला हजार वेळा मारलं असेल, पण धडधाकट वस्तूला कधी नाही. फ्रिजच्या त्या गुळगुळीत दारासमोर मी हातोडा उगारून उभा, घाम गळतोय, आणि मनाशी म्हणतोय, एक, दोन... पुन्हा एक, दोन...

"आवो, काय करून राहिले?"

बायको पर्स विसरली होती, ती घ्यायला परत आली होती.

"पोचा परत बसवून राहिलो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ती खुर्चीत बसली. मला वाटलं रडते. पण ती हसत होती. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, आवाज न करता. हसणं संपल्यावर तिने हातोडा माझ्या हातातून घेतला.

"खोटं नाही करायचं," ती म्हणाली. "खरं आहे ना आपल्याजवळ? तेच सांगायचं. आता तुम्ही यात काही नका करू. काहीच. फोनही मीच करते."

तिने मुलीला लावला, मग कंपनीला. कंपनीच्या फोनवर आधी गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. बायकोने सगळं सांगितलं. तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ग्राहकाने स्वतः रिपेअर केलं असेल तर रिप्लेसमेंट होत नाही. वस्तूशी छेडछाड झालेली आहे."

"छेडछाड नंतर झाली, बाई. पोचा आधी होता. तुम्ही मले पोच्याचा फ्रिज काहून पाठवला, ते आधी सांगा."

"मॅडम, पण तुमच्याकडून..."

"माझ्याकडून काही नाही झालं. माझ्या घरात एक रिपेरीवाला आहे, त्याच्याकडून झालं. त्याची तक्रार कुठं करू? त्याची वॉरंटी कधीचीच संपली."

त्या मुलीला हसू आलेलं मलासुद्धा ऐकू आलं, पण तिच्या हातात काही नव्हतं. मग आमच्या मुलीने पुण्याहून सांगितलं, की प्रत्येक ऑनलाइन दुकानाला एक तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, आणि त्याचा पत्ता त्यांना साइटवर द्यावाच लागतो. तो अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात होता. बायकोने चष्मा लावून शोधला. "आणि यांनीही नाही ऐकलं," मुलगी म्हणाली, "तर सरकारची ग्राहकांसाठी हेल्पलाइन आहे, त्याच्या पुढे ग्राहक आयोग आहे. वकीलही लागत नाही, आई. तूच उभी राहू शकतेस." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी कंपनीची दया आली.

आता पुरावा. पोच्याचा फोटो होता का? नव्हता. मी मोबाइल वर केला होता आणि खाली घेतला होता. माझं तोंड उतरलं. आणि तेव्हा बायको म्हणाली, "तो तुमचा पराक्रम कुठं आहे? ग्रुपवर टाकला तो?"

"तुले कोणी सांगितलं?"

"वेल्डरच्या बायकोनं. साऱ्या ले-आउटनं पाहिला आहे."

तिने तो व्हिडिओ पूर्ण पाहिला. माझं नमस्कार मंडळी, माझं हसू, कंपनीचा बाप, सगळं. मग अधिकाऱ्याला स्वतः लिहिलं. मला दाखवलं नाही, पण पाठवल्यावर मी चोरून वाचलं. असं होतं: "फ्रिज घरी आला तेव्हा दाराला पोचा होता. माझ्या नवऱ्याने तो काढला. त्यांना तसं करायला मी सांगितलं नव्हतं, तुम्हीही सांगितलं नव्हतं. व्हिडिओ जोडला आहे. त्यात सुरुवातीला पोचा दिसतो आणि शेवटी नवरा दिसतो. मला दोन्ही नसलेला फ्रिज पाहिजे."

अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा बायकोने स्पीकर लावला. आवाज वयस्कर, शांत. "बाई, व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. दाराला पॅकिंगची पट्टी तशीच आहे आणि तिच्याखालीच डेंट आहे. म्हणजे तो येतानाच आलेला. खराब माल परत घ्यायला आम्हाला नाही म्हणता येत नाही. नंतर साहेबांनी जे केलं..." तो जरा थांबला. "ते त्यांचं. आम्ही बदलून देतो."

"धन्यवाद."

"एक विनंती आहे, बाई. नवा आला की साहेबांना..."

"ते माझ्यावर सोडा," बायको म्हणाली.

तो रिपेरीचा ठरलेला नवा फ्रिज न्यायला गाडी आली त्या दिवशी वेल्डरही येऊन उभा राहिला. पोरं फ्रिज उचलायला लागली तसा त्याने शेवटचा दारावरून हात फिरवला. "चांगलं काम होतं गा," तो हळूच म्हणाला, "कोराडीच्या मानानं." मला भरून आलं.

त्याच गाडीतून दुसरा उतरला. त्या वेळी मला अंगणात खुर्चीवर बसवलेलं होतं, वेल्डरला गेटच्या बाहेर. बायकोने पोरांना आधी खोका उघडायला लावला, चारही बाजू पाहिल्या, वरून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, दार उघडून-मिटून पाहिलं, प्रत्येक बाजूचा फोटो काढला आणि मग सही केली. एक पोरगा म्हणाला, "काकू, तुम्ही कंपनीत होत्या का?" ती म्हणाली, "नाही. कंपनी घरी होती."

फ्रिज सुरू झाला. बर्फ झाला. पन्हं थंड मिळायला लागलं. जुन्याचा पट्टा सोडून वेल्डर जुना फ्रिज घेऊन गेला, आणि आता त्यात तो वेल्डिंगच्या कांड्या ठेवतो. सगळं छान झालं. फक्त एक.

कॉम्प्रेसर बंद होताना नवा फ्रिज एकदा कुडकुडल्यासारखा हलायचा आणि खट् असा आवाज करायचा. दोष फ्रिजचा नव्हता. फरशी तिथे जरा उतरती होती, आणि फरशी मी बसवलेली. फ्रिजच्या पुढच्या पायाचा स्क्रू एक पाव आटा फिरवला असता तर काम झालं असतं. पाव आटा! दहा नंबरचा पाना!

"वॉरंटीत आहे," बायको म्हणाली. "कंपनीचा माणूस येईल."

कंपनीचा माणूस येणार होता आणि आला नाही. मी पेपर वाचायला बसायचो. खट्. जेवायला बसायचो. खट्. मी पाहुण्यांशी बोलायचो आणि बोलता बोलता मध्येच थांबायचो, आता होईल, आता होईल... खट्. माझे हात मांडीवर आपोआप वळायचे. बायको पाहायची आणि म्हणायची, "मांडीखाली ठेवा." मी मांडीखाली ठेवायचो.

एक दिवस सकाळचा फिरून आलो. चहाला बसलो. कॉम्प्रेसर चालला, चालला, थांबला. मी श्वास धरला. काहीच नाही. पुन्हा चालला, पुन्हा थांबला. काहीच नाही.

मी उठून भिंतीवरच्या माझ्या पान्यांच्या फळीकडे गेलो. दहा नंबरचा पाना बाराच्या खिळ्यावर लटकत होता.

मागे वळलो. बायको पोळ्या लाटत होती. पदर खोचलेला, कोपराला फरशीवरची धूळ.

"कंपनीचा माणूस आला होता का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मालकीण आली होती."

मी फ्रिजमधलं पाणी पेल्यात घेऊन फ्रिजवर ठेवलं, लेव्हल पाहायला. पाणी एका बाजूला केसभर उतरत होतं. अजून एक पाव आटा पाहिजे होता. मी तोंड उघडलं. तिने लाटणं हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

मी ते पाणी पिऊन टाकलं. मस्त थंड होतं.